सूर्यमुखी

विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही शिरगावचा किल्ला पाहायला गेलो होतो. सारे तटावर चढले. गावातलाच एक मुलगा मात्र बुरुजाची सावली सोडीना. केस, पापण्या पांढऱ्या. डोळे मिटत आलेले. गावात त्याला ‘गोऱ्या’ म्हणत. काही जण कोड समजून अंतर राखत. कोडात असलेला रंग जातो; वर्णकहीनतेत तो जन्मापासूनच नसतो वा अत्यल्प असतो. दोहोंपैकी काहीच संसर्गजन्य नाही.

प्राण्यांच्या पांढरेपणाचे आपल्याला कोण कौतुक! ऐरावत तर इंद्राचे वाहन. १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी पकडलेला पांढरा वाघ ‘मोहन’ गोविंदगढच्या राजवाड्यात राहिला. (तो वर्णकहीन नव्हताच, अंगावर पट्टे होते.)

हिंदीत अशा माणसाला ‘सूरजमुखी’ म्हणतात. ऊन न सोसणाऱ्याला सूर्याचे नाव! पनामातील गुना लोकांत ही ‘चंद्राची मुले’. हे नाव आम्हाला अधिक जवळचे वाटते. पण सारी नावे कातडीपाशीच थांबतात. मेलॅनिनअभावी दृष्टिपटलही पूर्ण घडत नाही, नजर अधू राहते, हे एकाही नावात नाही.

आम्हालाही ते त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. फळ्यावरचे उतरवून घेत नाही म्हणून वर्षभर आम्ही त्याला आळशी म्हणत आलो होतो.