दुसरी वायर

आमची पिठाची गिरणी होती, म्हणून घराला थ्री फेजची जोडणी होती. लाइट गेली की गल्लीत अंधार व्हायचा. आमच्याकडे मात्र वडील आधी विचारायचे, "कुठला फेज गेलाय?" मग रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढायचे, टेस्टरनं जिवंत फेज हुडकायचे आणि घराची वायर त्या किटकॅटवर घ्यायचे. दोन मिनिटांत बल्ब लागायचा. शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, "तुमच्याकडंच कशी ओ लाइट?" वडील नुसते हसायचे. त्या हसण्यात गिरणीच्या कमाईपेक्षा जास्त ऐट होती.

एका उन्हाळ्यात डीपी जळाली. वडील सवयीनं स्टुलावर चढले, तिन्ही किटकॅटना टेस्टर लावून खाली उतरले. फेज तीन होते, पण येत होते एकाच डीपीतून. आजी काही न बोलता कंदिलाची काच राखेनं पुसायला बसली.

पुण्यात नेटवर्कच्या नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती डीपी पुन्हा भेटली. रॅकमधल्या मोठ्या स्विचला मागं दोन पॉवर सप्लाय होते आणि दोघांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या. मी एक वायर एका यूपीएसवर घेतली, दुसरी दुसऱ्यावर. एकीला लाल टेप, एकीला निळी. त्या दिवशी मीही बहुधा वडिलांसारखाच हसलो असेन.

पुढे एका यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. मी ऐटीत सांगितलं, करा बंद, आपल्याकडं दुसरा आहे. त्यांनी बंद केला. स्विच हललाही नाही. पण पाचेक मिनिटांत फोन खणखणायला हवे होते ते खणखणलेच नाहीत, कारण बरेचसे फोनच मेले होते. वायफायही अर्ध्या मजल्यावर नाही.

झालं होतं असं. हे स्विच नेटवर्कच्याच केबलमधून फोनला, वायफायच्या डब्यांना वीज देतात. सप्लाय 715 वॉटचे होते. त्यातली स्विचची स्वतःची भूक वजा जाता एका सप्लायवर बाहेर वाटायला 435 वॉट उरत. आमचे तीस फोन सात-सात वॉटचे, बारा वायफाय पंचवीस-पंचवीसचे, म्हणजे 510. दोन्ही सप्लाय मिळून हे ओझं आरामात ओढत होते, म्हणून वर्षभर कुणाला कळलं नाही. एक गेला तसा स्विचनं आपल्या अकलेनं कुणाला उपाशी ठेवायचं ते ठरवलं. जुवाला जुंपलेल्या जोडीतला दुसरा बैल राखीव नसतो, हे मला गावाकडच्या पोराला कळायला हवं होतं. सेटिंगमध्ये दोन्हींची ताकद एकत्र करायची की एक राखून ठेवायचा, असा सरळ प्रश्न असतो. तो मी कधी उघडूनही पाहिला नव्हता.

आम्ही 1100 वॉटचे सप्लाय मागवले. एकावर 800 वॉट वाटता येतात. अठ्ठेचाळीसही पोर्टना 15.4 वॉट द्यायचे म्हटले तरी 739 वॉटवर भागतं. मग त्याच नजरेनं यूपीएसकडे पाहिलं, तर दोघंही साठ-साठ टक्के भरलेले! एक पडला की दुसऱ्याच्या डोक्यावर एकशेवीस. म्हणून मोठे मागितले. खरेदीखात्यातल्या माणसानं विचारलं, "अर्धे रिकामे यूपीएस घेऊन काय करणार?" तो माणूस हिशेबानं बरोबर होता, त्याला पटवताना माझाच घसा कोरडा पडला.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेरची ग्रिड कोसळली तर शहर वेगळं काढून चालू ठेवायची सोय मुंबईला होती. त्या दिवशी तीही टिकली नाही. वडिलांचा फोन आला, "काय रे, मुंबईची डीपी गेली म्हणं?" मी होय म्हणालो.

आता दर तीन महिन्यांनी, रविवारी, मी एक वायर उपसतो. परवा नव्या पोराला सांगितलं, लाल ओढ. तो माझ्याकडं बघत राहिला. "सर, चालू असताना?" मग त्यानं डोळे बारीक करून ओढली. एक हिरवा दिवा विझला. उरलेल्या सप्लायचा पंखा घरघरू लागला. मी घड्याळात अर्धा तास लावला आणि खुर्ची रॅकजवळ ओढून बसलो.