आठ पानांची वही

अंबाजोगाई,
घटस्थापना

चि. माई,


मुलांचं हस्तलिखित काढायचं म्हणतेस, चांगलं आहे. पण तुझ्या पत्रात संपादक मंडळ, मुखपृष्ठाची स्पर्धा आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन हे सगळं आधीच आलंय. मग लिहिणार कोण, तर वळणदार अक्षराची तीच चार मुलं. बाकीची समास आखून देणार. शिवाय दिवाळी झाली की तुझा वर्ग ओस पडतो. आईबाप कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, निघाले की बरीच पोरं त्यांच्याबरोबर गाडीत बसतात; हंगामी वसतिगृहात राहिलेल्यांचं लक्षही तिकडेच लागलेलं असतं. जाडजूड हस्तलिखित शाळेच्या कपाटात आणि ते लिहिणारं पोर कुठल्याशा कारखान्याच्या फडावर, याला काय अर्थ?

त्यापेक्षा एका कागदाची वही कर. ए-फोर कागद आडवा धर, उभ्या घड्यांनी चार भाग पाड, मध्ये एक आडवी घडी घाल. आठ चौकोन होतील. आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन भागांपुरती कात्री चालव. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकल. छेद उघडतो आणि आठ पानं एकमेकांवर बसतात. डिंक नको, पिन नको. लिहिणं सगळं एकाच बाजूला, म्हणून उलगडून झेरॉक्स मारली की दुसरी प्रत तयार. शहरातली पोरं याला झीन म्हणतात म्हणे. म्हणोत. 1950च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे छोटं नियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइलवरच. मोठ्या मासिकांच्या होकाराची वाट बघत बसले नाहीत.

तळहाताएवढ्या पानावर ‘माझा आवडता ऋतू’ मावत नाही, हा मोठाच फायदा. मुकादमाकडून उचल किती घेतली, उसाचं वाढं विकून काय आलं, आई पहाटे फडात गेल्यावर धाकटीला कोण सांभाळतं, फडावरच्या कोपीत, झोपडीत, रात्री काय ऐकू येतं, हे मात्र मावतं. एका पानावर नुसता बैल काढला तरी चालेल. रोज लिहायचा नेम घालून देऊ नकोस. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या पोराला तो आणखी एक गृहपाठ होईल. आणि लाल पेन घरी ठेव. तुला हे पटणार नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला निबंधाची वही आहेच की. वही दाखवायची नसेल तर मागूही नकोस. उचलीची गोष्ट घराबाहेर गेलेली घरच्यांना खपेलच असं नाही.

विषय आणि लाल पेन नसलं की काय होतं, ते ओव्यांत बघ. माजलगावच्या भीमनगरात 1996 साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून राज्यभरातल्या अशा लाखावर ओव्या जमल्या. भीमनगरातल्या बायका बाबासाहेबांवर गात होत्या. जात्यावरच्या बाईला कुणी विषय दिलेला नसतो. दळण उरकायचं असतं आणि ओवी आपोआप येते. एक फसली तर पुढच्या घासाला दुसरी. ऐकणारी शेजारीण, तीही त्याच खुंट्याला हात लावून बसलेली. ती काय परीक्षा घेणार?

आपल्या गावची संतकवी दासोपंतांची पासोडी तर तुला ठाऊकच आहे. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापडावर आकृत्यांसह मांडलेलं पंचीकरण! विषय जड, तो मला आजही झेपत नाही. पण पांघरायच्या कापडावर लिहायला तो माणूस बिचकला नाही, हे मला फार आवडतं.

तेव्हा टोळ्या निघायच्या आत वर्गात एकदा घड्या घालायला शिकव आणि प्रत्येकाच्या दप्तरात चार-पाच कोरे कागद टाक. पेन्सिलच दे, शाई पावसात पसरते. गुढीपाडव्याच्या सुमाराला पोरं परततील. कुणी आपणहून वही दिली, तर त्याला विचारून एक झेरॉक्स मला पाठव. खाडाखोड असेल तशी राहू दे.

तुझी,
आत्या