डास गिळणारा बेडूक

कॅनडातल्या ओंटारिओत, अल्गाँक्विन पार्कच्या तळ्यांकाठी उन्हाळ्यात बेडूक उदंड आणि डासही उदंड. बेडकांच्या रक्तातले परजीवी ओळखायला मी तिथे शिकले.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळला की मिथेनॉलमध्ये पक्का करायचा, मग गिम्सा रंग द्यायचा. बेडकाची तांबडी पेशी लंबगोल असते, आपल्या पेशीपेक्षा कितीतरी मोठी, आणि मधोमध जांभळं केंद्रक. लागण झालेल्या पेशीत या केंद्रकाला खेटून केळ्यासारखा बाकदार जीव पडलेला दिसतो. हा हेपॅटोझून. त्याची कॅटेस्बिआनी ही जात केंद्रक नुसतं बाजूला सारते. क्लामाटी मात्र केंद्रकाचे तुकडे करते. परजीवी तेवढाच, पण घराची अशी मोडतोड! ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला सूक्ष्मदर्शकावरून उठवेना.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जीवाच्या टोकाशी बारीक कडी आणि स्रावांनी भरलेल्या पिशव्या दिसतात. पेशीत शिरण्याची ही हत्यारं मलेरियाच्या परजीवीकडेही असतात. दोघं एकाच मोठ्या गटातले.

पण माझं मन खरं रमलं ते डासात. क्युलेक्स टेरिटान्स या डासाची मादी बेडकांचं रक्त पिते, त्याबरोबर परजीवीही तिच्या पोटात जातात. तिच्या पोटाची शेवटची वळी बारीक सुईने अलगद ओढली की आतड्याबरोबर उत्सर्जनाच्या मालपिघी नलिका बाहेर येतात. त्या पाचच असतात. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादेत मलेरियाच्या गाठी डासाच्या जठराच्या भिंतीत सापडल्या होत्या, म्हणून मीही आधी तिथेच शोधत होते. हेपॅटोझूनच्या तशा गाठी, म्हणजे अंडपुटी, मात्र मालपिघी नलिकांत वाढतात आणि त्यांतले बीजाणू लाळग्रंथींकडे जातच नाहीत. म्हणजे डास चावून बेडकाला लागण होत नाही. बेडकाने डास गिळावा लागतो! परजीवीशास्त्रज्ञ शेरविन डेसर आणि सहकाऱ्यांनी बुलफ्रॉगमधल्या कॅटेस्बिआनी जातीचं हे जीवनचक्र प्रयोगाने दाखवलं, ते 1995 साली प्रसिद्ध झालं.

तेव्हापासून नुसती रक्तपट्टी पाहून परजीवीचं वर्णन लिहिणं मला अर्धवट वाटतं. गिळलेल्या डासातून सुटलेले बीजाणू बेडकाच्या यकृतात पोचतात, तिथे एकाचे अनेक होतात आणि मगच तांबड्या पेशींत शिरतात. हे सगळं पट्टीवर कुठून दिसणार? त्यासाठी यकृताचे छेद घ्यावे लागतात आणि डासही फाडावा लागतो.