"अंगठा परत लावा"

देशातला पहिला आधार क्रमांक आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी तो रंजना सोनवणे यांच्या हाती ठेवला. गरिबाच्या नावावर दुसऱ्याने काही उचलू नये, हा त्यामागचा हेतू. आमच्या शेजारच्या मावशींच्या पासबुकात मात्र त्यांनी न काढलेले पैसे काढलेले दिसले.

मावशींचा एकच हेका, "मी ओटीपी कुणालाच दिला नाही." खरंच होतं ते. अंगठ्यावर पैसे काढताना ओटीपीही लागत नाही, पिनही नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, बस. लाडकी बहीण योजनेचे पैसे मावशी गल्लीतल्या एका केंद्रावर काढत. तिथला मुलगा म्हणायचा, "मावशी, उमटला नाही, परत लावा." शेतात राबणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून शंकाही येत नाही. दुसऱ्यांदा टेकवलेलं बोट म्हणजे दुसरा व्यवहारही असू शकतो. पावती मावशींना कधी मिळाली नव्हती, आणि खात्याला जोडलेला मोबाईल सुरतला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात.

बरं, बोट हजर असायलाच हवं असंही नाही. तेलंगणात 2018 मध्ये खरेदीखतांवरचे ठसे घेऊन रबरी अंगठे बनवले गेले आणि लोकांच्या नावावर हजारो सिमकार्डं चालू झाली. पिन बदलता येतो; अंगठा कसा बदलणार?

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी, बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असं आहे. ते वाक्य साहेबांपुढे मी मोठ्याने वाचलं. लेखी अर्जाशिवाय टेबल हलत नाही, हा माझा अनुभव.

मग एम-आधार ॲपवर बायोमेट्रिक लॉक करायला बसलो, तर ओटीपी पुन्हा सुरतला! मुलाला फोन लावून आकडे मागवले. आधार कुठे कुठे वापरलं गेलं, ती यादीही त्याच ॲपवर दिसते. लॉक झाल्यावर मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "मग रेशनला अंगठा?" तोही चालणार नाही, त्या वेळेपुरतं लॉक उघडावं लागतं. रेशनच्या रांगेत दर महिन्याला सुरतला फोन कोण लावणार? म्हणून आता आधार केंद्रात जाऊन नातीचा नंबर जोडून घ्यायचं ठरलं. नात दहावीला आहे, आणि मावशींच्या मते तिला हिशेब मुलापेक्षा बरा येतो.