डिप्परची रेघ

दाजींनी घेतलेल्या जुन्या हॅचबॅकचं इंजिन तगडं होतं, टायर नवे होते आणि हेडलाइटमध्ये आधीच्या मालकाने हौसेने एलईडी बल्ब बसवलेले होते. दिवसा तक्रारीला जागा नव्हती. रात्री कोल्हापुरातून मलकापूरमार्गे आंबा घाटाकडे निघालं की त्रास सुरू व्हायचा. बॉनेटपुढचा रस्ता पांढराफटक दिसे आणि त्यापलीकडचं वळण अंधारात बुडालेलं असे. समोरून येणारे ट्रक एकामागून एक अप्पर मारत. वास्तविक दाजी डिप्परवरच असायचे. बराच वेळ दिवे चालले की डावा लुकलुकायला लागे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट मी शेजारच्या सीटवर बसून टिपली होती. दिवे लावले की कोल्हापूर आकाशवाणीवर खरखर सुरू होई, विझवले की आवाज स्वच्छ.

आणखी जास्त पॉवरचे बल्ब टाकायचे, असं दाजींच्या मनात होतं. दुकानातल्या खोक्यांवर दहा-वीस हजार ल्युमेनचे आकडे छापलेले असतात, त्याने कुणालाही मोह होतो. कंपनीच्या साध्या एच-४ हॅलोजनचा प्रमाण उजेड डिप्परला साधारण १,००० ल्युमेन आणि अप्परला १,६५० असतो. एवढ्याच उजेडावर लोकांनी वर्षानुवर्षं रात्रीचे घाट उतरले आहेत. मला हा आकडा पाठ होता, म्हणून मी आग्रह धरला आणि आम्ही गाडी उद्यमनगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. तिथे सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी बॉनेट उघडलंच नाही. अंधार पडेपर्यंत थांबायला सांगितलं. मग गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर उभी केली आणि डिप्पर लावायला लावला. भिंतभर उजेड पसरला. पत्र्याच्या छपरापर्यंत सगळं लख्ख. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

“लाईट कमी न्हाई ओ पावणं,” ते दाजींना म्हणाले, “जागंवर न्हाई.”

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला एच-४ बल्बची रचना माहीत हवी. १९७१ साली आलेला हा बल्ब आपल्याकडच्या असंख्य साध्या गाड्यांत आजही आहे. एकाच काचेत दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी बसवलेली असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा मुख्यतः वरचा भाग उजळतो आणि तिथून परतणारा उजेड रस्त्याकडे खाली वळतो. भिंतीवर त्याची ठसठशीत रेघ उमटते: खाली उजेड, वर अंधार. आपली वाहतूक डावीकडून चालते, म्हणून ही रेघ उजव्या बाजूला आडवी राहते आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी वर चढते. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही, पण डावी साइडपट्टी, तिच्यावरून चालणारा माणूस, मैलाचा दगड दूरपर्यंत दिसतो. मला विचाराल तर या एका रेघेत मोटारीच्या दिव्याचं सगळं शहाणपण आहे. ती राहते ती तार ठरलेल्या जागी असते म्हणून. मिलिमीटरभराचा फरकही तिला विस्कटायला पुरतो.

तार चहूबाजूंनी प्रकाश फेकते. एलईडीची चिप पट्टीवर सपाट बसवलेली असते आणि समोरच प्रकाश टाकते. म्हणून बल्ब बसवताना चिपा डाव्या-उजव्या अंगाला, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला याव्या लागतात. मामांनी डावा बल्ब काढला, तर त्याची कॉलर फिरलेली होती आणि चिपा तिरक्या, जवळपास वर-खाली झालेल्या होत्या. मागचं रबरी बूट पंख्यासाठी कापून टाकलेलं होतं. त्या भोकातून शिरलेली धूळ पंख्यात जमली होती आणि पावसाळ्यातला ओलावा काचेच्या आतून दिसत होता. पंखा अडखळला की बल्ब तापतो, आणि तापला की त्यातलं सर्किट करंट कमी-जास्त करतं. लुकलुकणं तिथून येत होतं. खरखरही त्याच सर्किटची होती. एलईडीचा ड्रायव्हर करंट फार वेगाने चालू-बंद करत असतो, आणि तो नीट झाकलेला नसला की शेजारच्या रेडिओला त्रास देतो.

कॉलर सरळ केल्यावर भिंतीवर रेघेसारखं काहीतरी उमटलं, पण तिच्या वर उजेडाचे तुकडे राहिलेच. या बल्बची पट्टी जाड होती, चिपा तारेच्या नेमक्या जागेवर येतच नव्हत्या. त्याला इलाज नव्हता. मग मामांनी खणातून साधा ६०/५५चा हॅलोजन काढून लावला. रेघ सुरीने कापावी तशी उमटली, मात्र उजेड मिणमिणता, तांबूस होता.

दाजींचा चेहरा उतरला. मामांनी मल्टिमीटर काढला.

इंजिन चालू, दिवे लावलेले. बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.९. दिवे पेटलेले असतानाच मोजायचं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, कारण लोड नसताना गंजलेली तारही पूर्ण व्होल्ट दाखवते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, झपाट्याने घटतो. १३.२ व्होल्टला मिळणारा उजेड १०% कमी व्होल्टेजवर जवळपास ७०% उरतो. दाजींच्या गाडीत नेमकं तेवढंच होत होतं. मीटरची एक पिन बल्बच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवली, तर जवळजवळ एक व्होल्ट एकट्या अर्थमध्ये जात होता. बॉडीवरचं थिंबल गंजलं होतं. उरलेला तोटा बारीक वायर, स्विच आणि करपलेल्या कपलरचा. कपलरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं पाहून मामा म्हणाले की एलईडीच्या आधी या गाडीत १००/९०चे बल्ब असणार. अंदाज पटण्यासारखा होता: १०० वॅटचे दोन अप्पर म्हणजे १६ अँपिअरच्या वर करंट, आणि जुनी वायरिंग तेवढ्यासाठी बनलेली नसते.

थिंबल घासून नवं केलं. कपलर सिरॅमिकचे टाकले. बॅटरीजवळ फ्यूज देऊन रिले बसवले, म्हणजे दिव्यांचा करंट स्विचमधून न जाता थेट जाड वायरने जातो. तयार हार्नेस आणण्याआधी मामांनी एक गोष्ट तपासली, आणि ती घरी हे काम करणाऱ्याने कधीच विसरू नये. काही गाड्यांत डिप्पर-अप्परचा स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो. तिथे नेहमीचा हार्नेस लावला तर दिवे चालतच नाहीत किंवा भलतेच पेटतात. शेवटी काच. पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर उन्हाने जातो आणि काच पिवळी पडते. आधी जाड, मग बारीक वॉटरपेपर, पॉलिश आणि वर यूव्ही क्लिअर कोट. बल्बच्या खर्चात हे होतं.

सेटिंगला मामांनी टायरची हवा तपासली, दाजींना ड्रायव्हर सीटवर बसवलं, डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर आणलं. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि रेघ तिच्या ५ सेंटिमीटर खाली उतरवली. ५ मीटरवर ५ सेंटिमीटर म्हणजे १% उतार.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. एलईडी वाईट असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. कारखान्यातूनच एलईडीसाठी घडवलेला दिवा उत्तमच असतो. जर्मनीत २०२०पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही एलईडी बल्ब कायदेशीरही झाले, पण ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाइटसाठी, चाचणी होऊन. आपल्या बाजारातलं खोकं ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं सांगतं, तिथेच माझा आक्षेप आहे. रेघ बिघडली की त्याची किंमत समोरून येणारा दुचाकीवाला मोजतो.

त्यानंतर आम्ही आंबा घाट रात्री उतरलो. बॉनेटपुढचा झगझगाट गेल्याने डोळे लांबवर स्थिरावत होते, डावीकडचे कठड्याचे दगड वळणाआधी दिसत होते. साखरप्यापर्यंत एकाही ट्रकने अप्पर मारला नाही. धुक्याचं काम अजून बाकी आहे. त्यासाठी खाली, रुंद उजेड टाकणारे फॉगलॅम्प लागतात, आणि या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीचे मिळतात ते पावसाळ्याआधी बसवता येतील का, याची चौकशी दाजी करत आहेत.