जामखेडच्या मुलांचा हिशेब

वैद्यकीय नियतकालिकांतील निबंध डॉक्टरांनीं डॉक्टरांसाठीं लिहावयाचे, गृहिणींनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये, असा आपल्याकडे समज आहे. तथापि आमच्या नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेडविषयींचा एक निबंध मीं नुकताच पुन्हा वाचला, आणि तो घरोघरीं समजावून घेतला जावा असें वाटलें.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेडास आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवांनींच निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनीं प्रसूति, जुलाब, लस, आहार यांचें शिक्षण दिलें. या कार्याचा परिणाम टिकला काय, हें लंडन विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्रसंस्थेंतील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह तपासलें. निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झाला.

तपासण्याची रीत साधी, पण कठोर. प्रकल्पांतील व प्रकल्पाबाहेरील गांवांतल्या आयांना त्यांच्या अपत्यांचा वृत्तांत विचारावयाचा. माझ्या आजीला आठ मुलें झालीं, तीन गेलीं. कोणी विचारल्यास ती ‘पांच’ एवढेंच सांगे. अशा मौनापलीकडचें सत्य मिळवावयाचें तर प्रत्येक बाळंतपण निराळें विचारावें लागतें, आणि उत्तर देणारीला तें दुःख पुनः भोगावें लागतें. आंकडा आला तो असा: जात, धर्म, मातेची परिस्थिति यांचा फरक वजा केल्यावरहि प्रकल्पाच्या गांवीं पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारें ३० टक्क्यांनीं कमी. (हा फरक वजा न केला तर सुखवस्तु वस्तीचें श्रेय दवाखान्यास मिळावयाचें!)

परंतु हा लाभ पहिला महिना उलटल्यावर अधिक ठळक दिसतो. जुलाबाला मिठासाखरेचें पाणी, गोंवराला लस, हें शिकविलेल्या बाईच्या हातचें होतें. अपुऱ्या वजनाच्या, श्वास कोंडलेल्या किंवा जंतुदोष झालेल्या अर्भकाची गोष्ट वेगळी. तिचें उत्तर गडचिरोलीहून आलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दाखविलें कीं, गांवच्याच स्त्रियांनीं घरीं जाऊन नवजाताची शुश्रूषा केली, वेळीं इंजेक्शन दिलें, तर हे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटतात.

त्या शुश्रूषेंतील दोन गोष्टींना तर इंजेक्शनहि लागत नाहीं: बाळाला उबेंत ठेवणें आणि ताबडतोब अंगावर पाजणें. जन्मतांच न्हाऊं घालून मध चाटविणाऱ्या घरांत पदवीधर सुना आहेत, हें मीं पाहिलें आहे.