मोर्शीकडील संत्र्यांची गळ

कल्याण-डोंबिवलीच्या बाजारांत थंडीच्या दिवसांत संत्र्यांच्या राशी लागतात. भावाची घासाघीस आम्ही मनापासून करतों. परंतु तें फळ झाडावर टिकून आमच्यापर्यंत पोंचलें कसें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गतवर्षीं भाद्रपदांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मोर्शीस जाण्याचा योग आला आणि ही गोष्ट डोळ्यांनीं पाहावयास मिळाली.

रात्रीं कल्याणास अमरावती एक्स्प्रेसमध्यें बसावें, सकाळीं अमरावतीस उतरावें व पुढें एस. टी.नें मोर्शी गांठावी. वरुड-मोर्शीच्या या टापूस विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. उन्हाळ्यांत येथील विहिरी व कूपनलिका आटतात, थेंब थेंब जपून झाडें जगवावीं लागतात; आणि पावसाळ्यांत त्याच काळ्या जमिनींत पाणी तुंबून मुळें कुजतात. दैवदुर्विलास म्हणतात तो हाच!

बागेंत पाऊल टाकतांच आंबूस वास आला. झाडांखालीं हिरव्या फळांचा सडा पडला होता. आंबिया बहाराचीं हीं फळें. जानेवारी-फेब्रुवारींत फूल धरून कार्तिकाच्या सुमारास तयार व्हावयाचीं. "गुरुजी, थोरल्या मुलीची कॉलेजची फी याच झाडांवर होती," एवढेंच तो बोलला.

मग त्यानें तीन फळें उचलून माझ्या हातीं दिलीं. एकास टोंचल्यासारखें बारीक छिद्र होतें. तें रस शोषणाऱ्या पतंगाचें काम. दुसऱ्याच्या देठाभोंवतीं काळें वर्तुळ. कोलेटोट्रिकम नांवाच्या बुरशीची ती खूण. वाळलेल्या काड्यांवर तिचें बिऱ्हाड असतें. तिसऱ्यावर चामड्यासारखा तपकिरी डाग पसरला होता. हा फायटोप्थोरा. तो जमिनींत राहतो, पावसाच्या थेंबांबरोबर उडतो व खालच्या फांद्यांवरील फळांना प्रथम गांठतो. त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थ संस्कृतांत 'वनस्पतिघ्न' असा करतां येईल. याच्याच एका भाऊबंदानें १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडवून भयंकर दुष्काळ आणिला. शास्त्रज्ञ त्यास आतां खरी बुरशी मानीत नाहींत. शेतकऱ्यास मात्र ती बुरशीच.

गळ सुरू झाली कीं लोक दुकानाकडे धांवतात व हातीं येईल तें औषध फवारतात. पतंगानें टोंचलेल्या फळास बुरशीनाशक काय करणार? माझ्या मतें खरें काम फळें उतरविल्यावर लगेच सुरू होतें. पावसाळ्यापूर्वीं सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, कापून जाळाव्या. झाडांच्या ओळींमध्यें चर काढून पाणी बाहेर न्यावें. गळलेलें फळ वेंचून बागेबाहेर खोल पुरावें. शेजारच्या बागेंत तीं फळें बांधावरच टाकलेलीं दिसलीं. एका पावसांत तो रोग पुन्हा आंत येण्यास वेळ तो किती!

दुपारीं त्यानें बोर्डो मिश्रण केलें. फ्रान्सांतील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेली ही कृति आजही चालते. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भिजवून, एकत्र करून, १०० लिटर पाणी पुरें करावयाचें. भांडें लोखंडाचें नको. त्यानें मिश्रणांत लोखंडी सुरी धरली. पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी. आणखी निवळी घालून घासलेली सुरी पुन्हा बुडविली. ती स्वच्छ निघाली. मग पंप पाठीवर घेऊन तो खालच्या फांद्यांकडे वळला, आणि आम्ही टोपल्या घेऊन फळें वेंचूं लागलों.